साडेतीन

दोन्ही भाषा येतात म्हणून मला
महिन्याला अडीच हजार जास्त मिळतात.
बाणेरला सातव्या मजल्यावर, कानात हेडफोन,
मी बायकांचं बोलणं उतरवून घेते
आणि चौकटींत बसवते.
चौकटी इंग्रजीतून येतात,
बोलणं मुंढव्याहून, धायरीहून, येरवड्याहून.

‘बरं आहे’ला पाचपैकी किती द्यायचे
यावर एकदा अख्खी दुपार गेली.
क्लायंट म्हणाला, तीन.
मी म्हटलं, कुणी म्हटलंय त्यावर आहे.
निवृत्त मास्तर म्हणाले तर जवळजवळ पाच,
सून म्हणाली, सासू शेजारी बसलेली असताना,
तर एक. एकसुद्धा नाही कदाचित.
तीनच ठरलं.

‘पुरवून पुरवून वापरते’ असं कुणी म्हटलं
की चौदा नंबरचा कोड.
त्यातलं दुसरं ‘पुरवून’ कुठं गेलं
हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

तर, मुलाखत चारशे सतरा. विषय कपड्यांची पावडर.
फील्डवर नसीम शिकलगार, माझ्याहून स्वच्छ मराठी.
नावं रेकॉर्ड करायची नाहीत असा नियम,
पण सहाव्या मिनिटाला शेजारीण ओरडते
“कुंदे, पाणी जाईल गं, भरून घे!”
म्हणून मला ठाऊक.

नसीम विचारते, घरात माणसं किती?
“चार.”
मग कुकरची शिट्टी.
“साडेतीन म्हणा.”
नसीम हसते. तीही हसते, जरा उशिरानं.
अर्धं कोण, ताई?
इथं नऊ सेकंद काही नाही.
मी आवाज वाढवून ऐकलं,
पंखा आहे, आणि लांबून रिव्हर्स घेणारा टेम्पो.
मग ती म्हणते, “सांगता येत नाही.”

अठ्ठ्याण्णव नंबरचा कोड हाच.
इंग्रजीत तिथं ‘ठाऊक नाही’ एवढंच होतं,
ते फार तुटक वाटलं म्हणून
मराठी प्रश्नावलीत मीच घातलं
‘सांगता येत नाही’.
तेव्हा मला त्यात एकच अर्थ दिसला होता.

आपल्यात साडेतीन चालतं.
मुहूर्त असतात साडेतीन, पीठं असतात,
त्यांतल्या अर्ध्याला कुणी कमी नमस्कार करत नाही.
पण त्या रकान्यात दशांश चिन्ह टाकलं
की तो लाल होतो.
एक्सेलला विचारलं तर तो म्हणतो चार.
मी चार लिहिलं, आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले:
वासाबद्दल समाधानी आहात का?
(“धुतल्याचा येत नाही हो, दुकानाचा येतो.”
हे मात्र क्लायंटला फार आवडलं. स्लाइड नऊवर आहे.)

महिन्याभरानं पडताळणीचे फोन.
दहातला एक, यादी मशीन काढतं.
चारशे सतरा आला.
मशीनला काय कळतं, तरी मी आधी चहा घेऊन आले.

“हां हां, पावडरवाल्या ताई ना?”
नाही, मी ऑफिसातून. दोनच मिनिटं.
वय बरोबर. पिनकोड बरोबर. पाव किलोचाच पुडा.
आणि घरात माणसं…
तिकडे बादली सरकवल्याचा आवाज.
“तुम्ही काय लिहिलंय?”
चार.
“चार लिहिलंय.”
तिनं ते वाचल्यासारखं म्हटलं,
जणू कागद तिच्याच हातात होता.
“असू दे मग. खोडू नका.
चारच असू दे.”

समोर दोनच बटणं होती.
मी ‘जुळते’ दाबलं
आणि चारशे सत्तावीसला फोन लावला.